अहो, डोक्यावर माती आहे!

पंढरपुरात कधी छतं बघितलीत? नाही ना! आपण कळसाला हात जोडणार, विटेवरच्या पायांवर डोकं ठेवणार आणि एसटी पकडणार! मला मात्र आता छतांशिवाय काही दिसतच नाही! घरचे वैतागलेत!

माळवद! मातीचं सपाट छप्पर! महाद्वाराजवळच्या एका जुन्या वाड्यात आज्जींनी चहा दिला, मी वर बघितलं, आणि चहा गार झाला! हारीनं लाकडी कड्या, कड्यांवर पाट, आणि कडीकडीवर वाकसाच्या खुणा अजून तशाच! आणि मग आज्जी सहज म्हणाल्या की पाटांवर कडुनिंबाचा पाला अंथरलाय, आणि पाल्यावर माती, आणि तिच्यावर पांढरी माती, आणि मग मी विचारलं केवढी, तर त्यांनी कोपरापासून हात दाखवला, आणि मग मला उमगलं की एवढ्या मातीखाली मी मघापासून निवांत बसलोय! केवढं ओझं! म्हणून तर कड्या इतक्या दाट! म्हणून तुळया एवढ्या जाड! आणि खांब थेट जमिनीवर नाहीत, दगडी तळखड्यावर! ओल चढू नये म्हणून! बघा की!

मी ना सुतार, ना इंजिनिअर. आमच्याकडे साधा स्लॅब, तोही गळका! म्हणून आधी तेच विचारलं, हे गळत नाही? तर पांढरी माती भिजली की फुगते आणि भेगा मिटतात! पाणी उतारानं पन्हाळीत, आणि पन्हाळीतून धो धो बोळात! पण लाड फार! मृगाच्या आत नवी माती टाकून तुडवायची, गवत उगवलं की उपटायचं, कारण मुळांच्या वाटेनं पाणी खाली उतरतं. भर पावसात गळलं तर पोतं डोक्यावर घेऊन वर पळायचं! सोलापूरकडे पाऊस बेताचा म्हणून हे चालतं. कोकणात आठवड्यात चिखल! तिकडे उतरती कौलं हवीत, आणि मनालीत, जिथे बर्फ पडतो, तिथल्या 1553 सालच्या हिडिंबा मंदिराला तर देवदाराच्या फळ्यांची उतरती छपरं! सगळ्यात वरचं तेवढं पितळी, बाकी लाकडाचीच! आणि पंढरपुरात लाकूड खाली, माती वर! आणि उन्हाळ्यात आत काय गारवा, अहाहा!

आणि साणं! छताला चक्क भोक! उजेड आत, चुलीचा धूर बाहेर! पाऊस आला की वरून झाकायचं, बस्स!

तुम्ही याच! अहिल्यादेवींचा होळकर वाडाही बघू. एकादशीला नको, गर्दीत मान वर केली की पाय तुडवले जातात! एखाद्या साध्या मंगळवारी या. आज्जींना विचारून ठेवलंय. माळवदावर जायला भिंतीच्या जाडीतच जिना आहे, अंधारा, एका माणसापुरता! तुम्ही पुढे व्हा, मी मागून टॉर्च धरतो!