इंजिन आणि गिअरबॉक्समधली वीतभर जागा

जीपला दुसरं इंजिन बसवायचं ठरलं की सगळी चर्चा इंजिनाचीच होते. किती सीसीचं, कुठल्या गाडीतून निघालं, पंप उघडलेला आहे का, स्लीव्ह कधी बदलले. गिऱ्हाईक भालकीचं असो, हुमनाबादचं असो की आळंदचं, ते डिपस्टिक ओढून तेल बोटांत चोळून बघणार, इंजिन सुरू करून धुराचा रंग बघणार. फार तर गिअरबॉक्सची चौकशी करील. या दोघांच्या मधे जी वीतभर जागा असते तिच्याबद्दल आपणहून विचारणारा माणूस विरळा. तिथं फ्लायव्हील असतं, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक पेलणारं एक छोटं पायलट बेअरिंग. माझ्या कामाचा मोठा काळ त्या जागेतच गेला. बसवलेलं इंजिन पाच वर्षं चालणार की पाच महिने, हे तिथंच ठरतं असं माझं पक्कं मत आहे.

इंजिन बदलायचं हे काम आमच्या या सीमेवरच्या भागात वाढलं त्याला भूगोलही कारण आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याची वाटणी झाली. जुन्या बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर तेव्हाच्या मुंबई राज्याकडे, म्हणजे आजच्या महाराष्ट्राकडे आले. भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. जहिराबाद, नारायणखेड आंध्रात. सरहद्दी आखल्या गेल्या, रस्ते मात्र तेच राहिले. सोलापूर-हैदराबाद रस्ता, पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ९ आणि आताचा ६५, उमरगा, हुमनाबाद, जहिराबाद असा तिन्ही राज्यांतून जातो. त्यामुळं इंजिन पुण्याकडचं, गिअरबॉक्स मुंबईच्या कुर्ल्याच्या बाजारातला, क्लचचं सामान सिकंदराबादच्या राणीगंजमधलं, असा माल आमच्या टेबलावर एकत्र येतो. गाडीमालक मराठी बोलतो, लेथवाला दख्खनी, हाताखालचा पोरगा कन्नड. आणि एकमेकांना कधी न भेटलेले सुटे भाग एका रेषेत आणायचे, हे आमचं काम.

सुरुवात पेट्रोल जीपपासून झाली. महिंद्राच्या जुन्या सीजे-३बी जीपमध्ये विलीसचं हरिकेन इंजिन असायचं, २१९९ सीसीचं. मजबूत, पण तहान मोठी. सरकारी खात्यांनी लिलावात काढलेल्या अशा जीपा खेड्यापाड्यांत प्रवासी वाहतुकीला लागल्या, तेव्हा दिवसाची कमाई पेट्रोलमध्येच जायची. डिझेल तेव्हा बरंच स्वस्त होतं. महिंद्रानं आधी आपल्या ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन जीपमध्ये आणलं, मग १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजोकडून एक्सडीपी ४.९० या २११२ सीसी इंजिनाचा परवाना घेतला. आकुर्डीच्या बजाज टेम्पोची मॅटाडोर मर्सिडीजच्या ओएम ६१६ इंजिनावर धावू लागली. पुढं या गाड्या अपघातात, गंजून, कर्जाच्या जप्तीत मोडीत निघाल्या आणि त्यांची इंजिनं भंगारच्या दुकानांत दिसू लागली. पेट्रोल जीपची चासी आणि गिअरबॉक्स शाबूत, शेजारी डिझेल इंजिन चालू हालतीत. दोन्ही जोडायचं, एवढंच बाकी. त्या ‘एवढंच’मध्ये आमची सगळी विद्या आहे.

पहिला प्रश्न लांबीचा. गिअरबॉक्सचा शाफ्ट पुढं किती येतो आणि इंजिनाच्या मागच्या तोंडापासून क्रॅंकमधलं भोक किती आत आहे, ही दोन मापं घेतल्याशिवाय मी पानाही उचलत नाही. दोन तोंडांमध्ये जी पोलादी प्लेट घालतात तिची जाडी बहुतेकांना मजबुतीची गोष्ट वाटते. तसं नाही. ती जाडी शाफ्ट ठरवतो. प्लेट पातळ झाली तर शाफ्टचं टोक क्रॅंकच्या भोकाच्या तळाला टेकतं. बोल्ट आवळत जावं तसा क्रॅंक पुढं रेटला जातो आणि त्याचे थ्रस्ट वॉशर झिजायला सुरुवात होते. प्लेट जाड झाली तर टोक पायलट बेअरिंगमध्ये पुरतं शिरत नाही आणि शाफ्ट अधांतरी डुलतो. म्हणून टोकापुढं तीन मिलीमीटर मोकळे ठेवायचे आणि बेअरिंगला पूर्ण रुंदीची बैठक मिळेल असं बघायचं. भोक मोठं, टोक बारीक असं झालं तर गनमेटलचा पायरीचा बुश कातून घ्यायचा. मापं जुळत असतील तर ६२०२ नंबरचं बॉल बेअरिंगही चालतं: आत १५, बाहेर ३५, रुंदी ११ मिलीमीटर. कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतं.

दुसरा प्रश्न सेंटरचा, आणि खरं कसब इथं लागतं. क्रॅंकची मध्यरेषा आणि शाफ्टची मध्यरेषा एकच पाहिजे. डायल गेज क्रॅंकच्या फ्लॅंजवर बसवायचा, त्याची सुई क्लच हाऊसिंगच्या गोल भोकाला लावायची आणि क्रॅंक हातानं सावकाश फिरवायचा. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशी चार ठिकाणं वाचायची. सुई दहा थाऊ फिरली तर हाऊसिंग पाच थाऊ सरकलेलं असतं, कारण डायल सरकण्याच्या दुप्पट दाखवतो. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. आमच्याकडचे जुने गवंडी, सुतार सुतात बोलतात, इंचाला आठ सूत. ते माप इथं उपयोगाचं नाही. सुईचा एकूण फिराव पाच थाऊच्या आत येईपर्यंत मी तांब्याच्या हातोडीनं हाऊसिंग सरकवत राहतो. गिऱ्हाईक कंटाळतं, चहा पिऊन येतं, पुन्हा बघतं तर मी तिथंच. पण ह्यात घाई चालत नाही.

सेंटर मिळालं की ते धरून ठेवावं लागतं, आणि ते काम बोल्टचं नाही. बारा मिलीमीटरच्या बोल्टला तेरा मिलीमीटरचं भोक असतं, म्हणजे अर्धा मिलीमीटर इकडे आणि अर्धा तिकडे सरकायला वाव उरतो. बोल्ट दाबून धरतो. जागा धरते ती डॉवेल पिन. सगळे बोल्ट आवळल्यावर, समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत, प्लेट आणि हाऊसिंग एकदम भोक पाडून रीमर मारायचा आणि घट्ट पिना ठोकायच्या. पुढं कधी गिअरबॉक्स उतरवला तरी परत त्याच जागी बसतो.

औराद बाजूची एक जीप आठवते. इंजिन दुसरीकडे बसवलेलं होतं. मालक म्हणाला, “आवाज येऊलालाय ओ मिस्त्री, पन क्लच दाबलं तरच.” ही तक्रार ऐकली की निम्मं निदान झालेलं असतं. क्लच सोडलेला असताना क्रॅंक आणि शाफ्ट एकाच वेगानं फिरतात, पायलट बेअरिंगला काम नसतं. क्लच दाबला की क्रॅंक फिरतो, शाफ्ट थांबतो आणि ते बेअरिंग बोलू लागतं. रिलीज बेअरिंगही तेव्हाच बोलतं, पण त्याच्यावर पायाचा नुसता भार पडला तरी त्याचा आवाज सुरू होतो. इथं तसं नव्हतं. शिवाय ती जीप चढावर टॉप गिअर सोडत होती, आणि ती सेंटर गेल्याची जुनी खूण आहे. उघडून बघितलं तर प्लेट चांगल्या जाडीची, बोल्ट नवे, आणि पिन एकही नाही. बेअरिंगचा भुगा झालेला. मालकानं बेअरिंग दोनदा बदललं होतं. बेअरिंगचा दोष काहीच नव्हता.

आता फ्लायव्हील. डिझेलचं कॉम्प्रेशन जास्त, म्हणून प्रत्येक फायरिंगचा धक्का मोठा. दोन धक्क्यांमधली पोकळी जड फ्लायव्हील भरून काढतं. त्यामुळं डिझेल इंजिनासोबत त्याचंच फ्लायव्हील ठेवावं. पिकअप वाढावा म्हणून ते कातून हलकं करा असं सांगणारे भेटतात, मी ते करत नाही. उलटं कामही करत नाही, म्हणजे सावकाश फिरणाऱ्या इंजिनाचं बिडाचं फ्लायव्हील पळणाऱ्या इंजिनावर चढवणं. फेऱ्या दुप्पट झाल्या की त्यातला ताण चौपट होतो, आणि बीड आधी सूचना देऊन फुटत नाही. ते फुटलं तर ड्रायव्हरच्या पायाशी फुटतं.

फ्लायव्हीलवरची दात्यांची रिंग स्टार्टरला जुळत नसेल तर बदलावी लागते. हे काम मला फार आवडतं. लोहार बैलगाडीच्या चाकावर धाव चढवतो तसंच हे: रिंग तापवून फुगवायची, अलगद बसवायची, थंड होताना ती आपोआप आवळते. फरक एवढाच की धाव गोवऱ्यांच्या जाळात लाल झाली तरी चालते, रिंग लाल होऊन चालत नाही, दात्यांचं पाणी उतरतं. म्हणून रिंगचा एक भाग पॉलिश पेपरनं चकचकीत करून ठेवायचा आणि त्याचा रंग बघत राहायचं. वाळल्या गवतासारखा पिवळा आला की सव्वादोनशे अंशांच्या आसपास पोचलो. तीनशे मिलीमीटर व्यासाची रिंग तेवढ्या तापात पाऊण मिलीमीटरच्या आसपास मोठी होते, तेवढं पुरतं. निळा रंग येऊ द्यायचा नाही. दात्यांची उतरती कड स्टार्टर ज्या बाजूनं शिरतो तिकडे आहे ना, हे तापवण्याआधी दोनदा बघायचं.

क्रॅंकच्या बोल्टांची भोकं जुळवण्यासाठी फ्लायव्हीलला नवी भोकं पाडली असतील तर बॅलन्सिंगला पर्याय नाही. मी सोलापूरला किंवा हैदराबादला पाठवतो. लोक म्हणतात, वीस ग्रॅमनं काय होतंय? मध्यापासून १४० मिलीमीटरवर वीस ग्रॅम जास्त असले तर मिनिटाला ३००० फेऱ्यांवर ते सुमारे २८ किलोच्या ओढीनं क्रॅंकला खेचतात, आणि त्या ओढीची दिशा सेकंदाला पन्नास वेळा पूर्ण फिरते. मागच्या मेन बेअरिंगनं ते किती दिवस सोसायचं? आणखी एक: फ्लायव्हीलचा क्लच घासतो तो चेहरा लेथवर साफ केला तर प्रेशर प्लेट बसते ती पायरीही तेवढीच उतरवायला हवी. नाहीतर स्प्रिंगचा दाब कमी होतो आणि नवी क्लच प्लेट ओझ्याखाली घसरते.

क्लच प्लेटची गोष्ट सोपी वाटते. बाहेरचा घेर इंजिनाच्या फ्लायव्हीलचा, आतल्या खाचा गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या. अशी प्लेट तयार मिळाली नाही तर एकीचं हब काढून दुसरीत रिव्हेट करतात. रिव्हेटच, वेल्डिंग नव्हे. हब कडक केलेल्या पोलादाचं असतं. वेल्डिंगच्या तापानं ते वाकडं होतं आणि कडेनं चिरतं. धक्के सोसणाऱ्या स्प्रिंगा नसलेली सरळ हबची ट्रॅक्टरची प्लेट जीपला घालू नये, गिअर खडखडतात. प्लेट किती ताकद पेलेल याचा हिशेब कागदावर होतो: दाब चार हजार न्यूटन, घर्षणाचा आकडा ०.३, सरासरी त्रिज्या नऊ सेंटीमीटर, आणि दोन बाजू. गुणाकार २१६ न्यूटन-मीटर. इंजिनाचा जोर याच्या बराच खाली असला पाहिजे, कारण ऊस भरलेली ट्रॉली ओढताना हिशेबातला ०.३ धुळीनं आणि तापानं कमी होतो.

रिलीज बेअरिंग आणि प्रेशर प्लेटचे फिंगर यांच्यात दोन-तीन मिलीमीटर मोकळे राहतील असं बघितलं की हाऊसिंग बंद करायला हरकत नाही.

आता हे काम कमी झालंय. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर बाजारावर सोडले गेले आणि पेट्रोल-डिझेलमधली दरी बुजत गेली. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ तर आधीपासूनच सांगतं की नोंदणीतला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करू नये. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये ते ठामपणे उचलून धरलं. हे योग्यच झालं असं मला वाटतं. ब्रेक आणि चासी ज्या वजनासाठी घडली त्याहून जड इंजिन घालून वडापला पळवलेल्या जीपा मी बघितल्या आहेत. आज माझ्याकडे येतं ते मुख्यतः परवानगी घेऊन केलेलं त्याच जातीच्या इंजिनाचं काम, आणि रस्त्यावर न येणारी यंत्रं: रसवंती, मळणी यंत्र, खाणीतले पंप. त्यांनाही क्लच आणि सेंटर तेच लागतं.

आयटीआयमधून येणाऱ्या पोरांना माझं एक सांगणं आहे. प्रत्येक जोडणीची मापं वहीत लिहा: प्लेटची जाडी, शाफ्टची लांबी, डायलचे चारही आकडे, रिंगचे दाते. आमच्या उस्तादांची मापं त्यांच्याबरोबर गेली. आणि गाडीमालकांनो, इंजिन बदलण्याआधी आरटीओची लेखी परवानगी घ्या, आरसीवर नवा इंजिन नंबर चढवून घ्या, आणि क्लच हाऊसिंग बंद होण्यापूर्वी एकदा समोर उभे राहून मिस्त्रीला विचारा: डायल लावला का, आणि पिना कुठं आहेत, दाखवा.