पेन्सिलीतला आकडा

यंदा ईदीचे साठवलेले सगळे पैसे आमच्या मुलाने एका चित्रावर घातले. तेही डोळ्यांच्या जागी फुल्या असलेल्या बाहुल्याचे! आम्ही दोघेही शिक्षक, साहजिकच रागावलो. "एवढ्यात वर्षभराची पुस्तके आली असती."

तो शांतपणे सांगू लागला. ही पोरखेळाची बाहुली नव्हे. अशा बाहुल्या कलावंत मोजक्याच संख्येने घडवतात. हाँगकाँगचे मायकल लाऊ आणि अमेरिकेचे कॉज यांनी १९९९ साली अशा बाहुल्या पुढे आणल्या. त्या आपल्याला परवडणाऱ्या नाहीत. हे त्याच धर्तीवर एका नव्या चित्रकाराने छापलेले चित्र. खाली पेन्सिलीने सही आणि आकडा होता: ४१/१५०. म्हणजे दीडशेच प्रती. ही एक्केचाळीस क्रमांकाची.

अब्बा पलंगावरून ऐकत होते. त्यांनी चष्मा लावून कागदावर बोट फिरवले. "स्क्रीन प्रिंटिंग आहे. पाच रंग, पाच जाळ्या. कुठे रंग सरकलेला नाही."

तीस वर्षे त्यांनी लग्नपत्रिका अशाच छापल्या. ऑफसेटपुढे धंदा बसला, तेव्हा त्या चौकटी आम्हीच भंगारात दिल्या. त्यांना विचारलेही नाही.

"दादाजान, तुमची एखादी पत्रिका आहे?" घरात एकही निघाली नाही.

आता तो दर रविवारी नातेवाइकांकडे जुन्या पत्रिका शोधतो. सात मिळाल्या आहेत. चौकटी मात्र परत येणार नाहीत. घरातले जुने सामान काढण्याआधी ज्याचे आहे त्याला विचारा, एवढे आम्ही आता पालकसभेतही सांगतो.