एकमताने मंजूर

आमच्या मंडळाच्या सभेत एका गरीब रखवालदाराला चौकशीविना कामावरून दूर करण्याचा ठराव आला. तो निर्दोष आहे, हे मला ठाऊक होते. सर्वांचे हात वर गेले. लोकलाजेस्तव माझाही गेला. इतिवृत्तात नोंद झाली : ‘एकमताने मंजूर.’

त्या रात्री घरी रोझरी म्हणताना जीभ अडखळली. डोळ्यांसमोर उभे राहिले ते ऑस्ट्रियातील एका खेड्यातले शेतकरी फ्रान्झ येगरश्टेटर. १९३८ साली देश जर्मनीत विलीन करण्याच्या सार्वमतात त्यांच्या गावातून विरोधी मत पडले ते त्यांचे एकट्याचे. जाहीर मात्र झाले ‘एकमत’. पुढे हिटलरसाठी शस्त्र धरण्यास त्यांनी नकार दिला. घरी पत्नी आणि तीन लहान मुली. त्यांचा विचार करावा, असे बिशपांनीही सुचविले. पण त्यांची सदसद्विवेकबुद्धी ढळली नाही. ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. ख्रिस्तसभेने त्यांना धन्य घोषित केले ते २००७ साली.

पुढील सभेत मी उभा राहिलो आणि माझी चूक कबूल केली. कोणी हसले, कोणी मान फिरवली. रखवालदार तोवर गाव सोडून गेला होता. माझे धैर्य महिनाभर उशिरा आले. परमेश्वराने ते पदरात घ्यावे, एवढीच प्रार्थना.