माय बनगरवाडीत

आमचं मेहरूणमधलं घर धाब्याचं. दुपारची भांडी आवरली की माय मधल्या खोलीत, भिंतीला पाठ टेकून बसायची आणि पुस्तक उघडायची. त्या तासाभरात तिला हाक मारायची नाही, असा घरातला अलिखित कायदा होता. संक्रांतीच्या सुमाराला बोरांचा व्यापारी दारात येऊन उभा राहिला, तरी हातातलं पान संपल्याशिवाय ती उठत नसे. मेहरूणची बोरं तेव्हा लांब लांब जायची आणि आमच्याही बांधावर चार बोरी होत्या. व्यापारी ओट्यावर बसून घाम पुसायचा. मायचं आपलं चालूच.

सातवी शिकलेली बाई. आधी तिचं वाचन म्हणजे श्रावणातली पोथी. मी आठवीत असताना माझी धाकटी बहीण चार दिवसांच्या तापात गेली. तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गावी परतले आणि घरात नुसती भांड्यांची खुडबुड उरली. माय रडत नव्हती, याचीच सगळ्यांना धास्ती. शेजारी एक शिक्षिका राहायच्या. त्यांनी काही न बोलता एक पातळसं पुस्तक आणून दिलं. ‘बनगरवाडी’.

व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी 1955ची. एक कोवळा मास्तर पहाटे एकटाच पायी निघतो, माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला. मायनं माणदेश कधी पाहिला नव्हता. आमच्या रानात मेंढ्या बसवायला ठेलारी यायचे, तेवढीच तिची मेंढरांशी ओळख. पण वाडीतल्या कारभाऱ्याबद्दल ती चुलत सासऱ्याबद्दल बोलावं तशी बोलायला लागली. एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, “तिकडचे लोक भरीत खात नसतील का रे? मास्तराले एकदा तरी करून घालायले पाहिजे होतं कोणी.” काड्यांवर भाजलेली वांगी, हिरवी मिरची, कळण्याची भाकरी असा बेतही तिनं ठरवून टाकला. बहीण गेल्यानंतर, कुणी जेवलं की नाही याची चौकशी ती पहिल्यांदा करत होती. ती एका कागदावरच्या मास्तरासाठी असली म्हणून काय झालं!

मग जळगावच्या व. वा. वाचनालयाचं खातं उघडलं. पुस्तकं बदलून आणायचं काम माझ्याकडे. मेहरूणहून सायकल हाणत जायचं, पुस्तक मांडीवर ठेवलं की मायचा एकच प्रश्न, “खेड्यातलंच आहे ना?” गो. नी. दांडेकरांची ‘पडघवली’ तिला फार आवडली. त्यातली अंबूवहिनी स्वतःच्या तोंडानं आपलं कोकणातलं गाव सांगते. निम्मे शब्द मायला कळत नसत. “कळत नाही, पण बाई खरं बोलते,” म्हणायची.

कॉलेजात गेल्यावर मला शहाणपण सुचलं. भालचंद्र नेमाडे आपल्या यावल तालुक्यातल्या सांगवीचे. त्यांची 1963ची ‘कोसला’ मी मोठ्या ऐटीत घरी आणली. “माय, हे बघ, आपल्याच इकडच्या माणसाचं.” ती दोन दुपारी वाचत होती, मध्ये हसलीही. तिसऱ्या दिवशी पुस्तक माझ्या पिशवीत परत होतं. मी विचारलं तर म्हणाली, “मले नको ते. आपल्याच इकडचं आहे.” मी मित्रांना सांगत सुटलो की आमच्या मायला साहित्य नको, करमणूक हवी. ज्यांनी ‘कोसला’ वाचली आहे त्यांना ठाऊक आहे की त्यात पांडुरंगाची धाकटी बहीण मनी जाते. मलाही ठाऊक होतं. आणून दिली तेव्हा सुचलं नव्हतं, एवढंच. ते सुचायला मला पुढं कितीतरी वर्षं लागली, आणि त्याबद्दल मी तिच्याशी कधी बोललो नाही.

अशा पुस्तकांना लोक पळवाट म्हणतात. मीही म्हणत असे. पण माडगूळकरांनी किंवा गोनीदांनी कुठं गोड गावं लिहिली? बनगरवाडी दुष्काळानं ओस पडते, पडघवलीही मोडते. फरक इतकाच की ती मोडणारी गावं मायची नव्हती. तिथं जाऊन तिला रडता येत होतं आणि चार वाजता चहा टाकायला परत येता येत होतं. पुढं वाचनात आलं की त्याच 1955 साली इंग्लंडमध्ये डोरा सेंट या शिक्षिकेनं ‘मिस रीड’ या टोपणनावानं ‘व्हिलेज स्कूल’ लिहिलं. तिथंही गोष्ट सांगणारी खेड्यातल्या शाळेची बाईच. त्या फेअरएकर गावावर तिनं मग पुस्तकांमागून पुस्तकं लिहिली. तिकडच्या मायांची चंगळ झाली म्हणायची. आमच्या मास्तराचं गाव एकाच पुस्तकात उठतं, म्हणून मायनं स्वतःपुरती तोड काढली होती. दुसऱ्या-तिसऱ्या वाचनापासून ती दुष्काळ सुरू झाला की थांबायची आणि पुन्हा पहिलं पान काढायची.

शेवटच्या वर्षी तिची नजर गेली. मी वाचून दाखवायचो. तोवर मेहरूण पार शहरात विरघळलं होतं, बोरी तुटून प्लॉट पडले होते, तलावाभोवती सकाळी बूट घालून माणसं फिरत होती. धाब्याच्या जागी स्लॅब आला होता. वाचता वाचता पाऊस लांबल्याचा मजकूर आला की ती हात वर करायची. “बस. त्या पोराले परत निघू दे पहाटेचं.” मी पानं मागं उलटायचो.

ती पौषात गेली. दशक्रियेनंतर अंथरूण आवरताना उशीखाली वाचनालयाची ‘पडघवली’ सापडली. दिसत नसताना ती कधी मागवून घेतली होती आणि कुणाकडून, हे घरात कुणालाच सांगता येईना. परत करायला गेलो तेव्हा खिडकीतल्या माणसानं खातं बंद करायचं का म्हणून विचारलं. मी वर्गणी भरली आणि तेच पुस्तक माझ्या नावावर घेऊन घरी आलो. मधलं एक पान कोपऱ्यात दुमडलेलं होतं. तिथून पुढं रोज दुपारी थोडं थोडं वाचतो आहे.