चहाच्या पाण्यातला मासा

मासा शिजवण्याची माझी जी काही समज आहे, तिच्यातला अर्धा वाटा आईचा आणि अर्धा जपानमधल्या शिझुओका शहरातल्या एका वृद्ध बाईंचा. आईचं ऋण बोलून दाखवायची आपल्याकडे रीत नाही. त्या बाईंचं मात्र बोलायला हवं. त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाडेकरू होतो. सगळी गल्ली त्यांना ओबाआसान म्हणे; मी मनातल्या मनात आजीच म्हणत असे.

मी मालवणचा. हळद, मीठ, सोलं, ओलं खोबरं आणि बांगड्याला तिरफळं, याच्यापलीकडेही मासा असतो हे मला ठाऊक नव्हतं. चहा म्हणजे दूध, साखर, आलं. नोकरीने नेलं ते गाव नेमकं चहाचंही होतं आणि माशाचंही. डोंगरउतारांवर चहाचे मळे, खाली सुरुगा उपसागर, जपानमधला सर्वांत खोल, सुमारे २,५०० मीटर. जवळच याइझु बंदर, कात्सुओ आणि ट्यूनासाठी प्रसिद्ध. तरी या दोन गोष्टी एका भांड्यात येऊ शकतील, हे मनात आलं नाही.

पहिल्याच हिवाळ्यात आजींनी वर एक वाडगा पाठवला. त्यात इवाशी होती, आपल्या तारलीच्या जातकुळीतली. काळपट, तुकतुकीत, काट्यासकट खाता येईल इतकी मऊ. तारलीचा तो उग्र वास कुठेच नव्हता आणि वास झाकणारा मसालाही नव्हता. खाली जाऊन विचारलं, तर त्यांनी चहाचा डबा पुढे केला.

पुढच्या वेळी त्यांनी मला चुलीशी आपल्या शेजारी उभं केलं. त्या वयाच्या बाईने परदेशी भाडेकरूला आपल्या स्वयंपाकघरात घेणं ही लहान गोष्ट नव्हती, हे मला बऱ्याच उशिरा उमगलं. इवाशीचं डोकं आणि पोट काढून ती धुतलेली होती. मोठ्या, जून पानांचा स्वस्त चहा, बांचा, त्यांनी कडक उकळला, गाळून माशावर ओतला, थोडं व्हिनेगर घातलं. वर लाकडी झाकण ठेवलं, भांड्याच्या काठावर नव्हे, थेट माशावर, म्हणजे मासा हलत नाही, मोडत नाही. बराच वेळ मंद आच. मग बराचसा चहा ओतून टाकून सोया सॉस, साके, साखर, आल्याचे काप. वसंतातला नवा चहा पाहुण्यांसाठी, तो माशाला घालायचा नाही; त्याची नाजूक चव उकळीत टिकत नाही.

मी चव घेतली आणि चहा शोधत राहिलो. तो सापडला नाही. आजी म्हणाल्या, सापडता कामा नये. त्याचं काम आधीच होऊन गेलेलं असतं.

त्यामागचं कारण मी नंतर वाचलं. मासा मेल्यावर त्याच्यात ट्रायमिथाइलअमाइन तयार होतं, वास त्याचा. ते अल्कधर्मी असल्याने आंबटाने दबतं. आई बांगड्याला सोलं लावते त्यात हेच शास्त्र आहे. तेलकट माशाची चरबी हवेने लवकर खवट होते, आणि चहातली कॅटेचिन द्रव्यं ते खवटणं रोखतात. क्योतोत सुकवलेला हेरिंगही बांचात उकळून मगच मुरवतात. हांगचौला लोंगजिंग चहाच्या पानांबरोबर कोळंबी परततात, चीनमध्येच चहाच्या धुरावर मांस-मासे धुरवतात. धुरावरचा मासा मला फारसा रुचत नाही. धूर माशाला बोलू देत नाही.

एकदा आजींनी वरून सान्शोचे दाणे घातले. वाफ नाकाशी आली आणि माझा हात थांबला. तिरफळाचाच वास! दोन्ही एकाच वंशाची झाडं, हे पुढे कळलं. तोवर मी ते जेवण त्यांचं म्हणून खात होतो. त्या दिवसापासून ते परकं राहिलं नाही, आणि तिथलं माझं एकटेपणही बरंच ओसरलं.

गावी परतल्यावर मी बांगड्यावर प्रयोग सुरू केले. आपली सीटीसी पूड यात उपयोगाची नाही. तिचा अर्क झटकन उतरतो आणि मासा कडवट होतो. अख्ख्या पानांचा हिरवा चहा तव्यावर कोरडा भाजून घेतला, की बांचाच्या जवळ जाता येतं. मीठ बेताने, कारण चहाने तुरटपणा येतोच. आई शेजारी उभी राहून बघत होती. "चायच्या पाण्यात बांगडो?" एवढंच म्हणाली. खाल्ल्यावर म्हणाली, "वास गेलो खरो. पण सोलां नाय तर बांगडो कसो?"

तिचं म्हणणं मी आजींना कळवलं, सोबत आमच्या घरची सोलं पाठवली. त्यांचं पत्र आलं: किती माशांना किती सोलं? आयुष्यात कधी माप न घेतलेली आई त्या दिवशी पाटावर बसली आणि बांगड्यांशेजारी सोलं मांडून मोजू लागली. एका बांगड्याला दोन. मी ते जपानीत लिहून धाडलं. इवाशी लहान म्हणून आजींनी एकावर आणलं, आणि व्हिनेगर बंद केलं.