नाक, कान आणि बेंबी

बाळाच्या नाकातून घालायची फीडिंग ट्यूब किती आत जायला हवी, हे परिचारिकांनी मोजून दाखवलंय! परिचारिकांनी! हे वाचल्यापासून भेटेल त्याला तेच सांगत सुटले आहे.

मी इथे, छत्रपती संभाजीनगरात नर्सिंग शिकते. नळीचं माप आम्हाला पाठच असतं: नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत, तिथून छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत. तिथे चिकटपट्टीची खूण करायची आणि नळी घालायची. हे माप बरोबर आहे का, असं कुणी विचारल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं.

इंडियाना विद्यापीठातल्या जॅनिस बेकस्ट्रँड आणि मार्शा एलेट यांनी विचारलं! नाहीतरी एंडोस्कोपी होणारच होती, अशा मुलांमध्ये त्यांनी जठरापर्यंतचं अंतर थेट आतूनच मोजलं. मुलांना वेगळा त्रास नाही, आणि अंदाजाऐवजी खरं अंतर हातात. काय सुंदर युक्ती! 2007 साली तो अभ्यास छापून आला. आपलं पाठ माप कितीतरी मुलांना तोकडं पडतं. लहान मुलांमध्ये वय आणि उंचीवरून काढलेली लांबी सर्वांत जवळची ठरते, आणि उंची मोजता येत नसेल तर नाक, कान आणि मग छातीचं टोक ते बेंबी यांचा मध्य. मग 2011 मध्ये एलेट यांनी नवजात बाळांवर तिन्ही पद्धतींची तुलना छापली. तिथेही जुनंच माप मागे पडलं.

एक-दोन सेंटिमीटरने एवढं काय बिघडतं? नळीच्या टोकाजवळची भोकं अन्ननलिकेतच राहिली तर दूध जठरात न पडता वर येतं आणि फुप्फुसात जाऊ शकतं. एवढंच, आणि इतकं मोठं.

असे प्रश्न आपल्याकडेही वॉर्डातून उभे राहू शकतात. दिल्लीचं एम्स आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी रुग्णालयांसाठी ते सोडवण्याची चार पायऱ्यांची पद्धत बसवली आहे: एक अडचण निवडून टोळी जमवा, कारणं शोधा, छोटा बदल करून पाहा, जमला तर टिकवा. टोळीत सिस्टर हव्यातच, कारण रात्री तीन वाजता बाळाजवळ त्याच असतात.

माझा प्रश्न ठरलाय. पावसाळा लागला की जुलाब होऊन सुकलेली लेकरं येणार. पाणी थोडं कमी झालेल्या मुलाला दर किलो वजनाला 75 मिली ओआरएस चार तासांत पाजायचं आणि मग पुन्हा तपासायचं: डोळे खोल गेलेत का, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सोडल्यावर लगेच बसते का, पाण्यासाठी अजून आसुसलंय का. पाजण्याचं काम आईच करते, घोटघोट, चमच्याने. मी वहीत रकाने आखलेत: वजन, सुरुवातीची वेळ, किती मिली गेलं, फेरतपासणीची वेळ. उद्या इन्चार्ज सिस्टरांना विचारणार आहे: अकरा वाजता सुरू केलेलं ओआरएस तीन वाजता कोण तपासतं, आणि ते लिहिलं कुठे जातं?