नामिबियाच्या वाटेवर : टपावरचे बिऱ्हाड

आफ्रिका खंडाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर नामिबिया नावाचा देश आहे. क्षेत्रफळ आठ लाख चौरस किलोमीटरांहून अधिक आणि २०२३ च्या शिरगणतीप्रमाणे लोकवस्ती अवघी तीस लाखांच्या घरात. १९९० साली तो स्वतंत्र झाला. मोठे डांबरी मार्ग सोडले की बहुतेक रस्ते खडीचे, आणि त्यांवरून तासन्‌तास गेले तरी कधीकधी एक घरही दृष्टीस पडत नाही. अशा मुलखात वाटसरूने रात्री कोठे निजावे? विंडहुक या राजधानीतून बाहेर पडताच या प्रश्नाचे उत्तर समोरून धावत येताना दिसते. पांढऱ्या मोटारी, आणि प्रत्येकीच्या टपावर काळ्या आच्छादनात बांधलेली एक चपटी पेटी. ती पेटी म्हणजे घडी केलेला तंबू.

आमचे चुलतबंधू नोकरीनिमित्त विंडहुकला असतात. त्यांच्या आग्रहावरून आम्ही जुलै महिन्यात, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यात, त्यांच्या कुटुंबासह बारा दिवसांचा प्रवास केला. बंधू, वहिनी, सात वर्षांचा पुतण्या आणि आम्ही, असे चौघे. मोटार भाड्याची, टोयोटा हायलक्स जातीची. टपावर दोन तंबू.

ज्या वाचकांनी असा तंबू पाहिला नसेल त्यांच्यासाठी त्याची रचना सांगितली पाहिजे, कारण पुढचे सारे तिच्यावरच अवलंबून आहे. आच्छादन काढून शिडी ओढली की पुस्तक उघडावे तसा तंबू उघडतो. त्याच्या तळाला दोन फळ्या असतात व मधे बिजागरी. एक फळी टपावरच्या कॅरिअरला बोल्टांनी जखडलेली असते. दुसरी गाडीच्या बाजूला अधांतरी राहते, आणि तिचा भार पेलते ती शिडी. म्हणजे शिडी ही केवळ चढण्याची सोय नव्हे. तो या घराचा खांब आहे. तिचा पाय मऊ वाळूत रुतला की घराचा अर्धा तळ कलतो. निजणाऱ्याचे अर्धे अंग एका फळीवर व अर्धे दुसरीवर असते, आणि जमीन दोन हात नव्हे, चांगली माणसाहून उंच अंतरावर खाली असते.

ही कल्पना तशी जुनी आहे. इटलीत १९५८ पासून असे तंबू तयार होऊ लागले. पुढे पूर्व जर्मनीत ट्रॅबंट नावाच्या चिमुकल्या मोटारीवरही लोकांनी ते चढवले. त्या मोटारीचे बाह्यांग लोखंडी पत्र्याचे नसून टाकाऊ कापसात राळ मिसळून केलेल्या तक्त्यांचे होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या लोकांच्या धाडसाचे कौतुक वाटते.

पहिल्या दिवशी आम्ही मकरवृत्त ओलांडून सॉलिटेअर येथे थांबलो. एक पेट्रोलपंप, एक बेकरी, आणि वाळूत रुतवून ठेवलेल्या जुन्या, गंजलेल्या मोटारी, एवढेच ते ठिकाण; पण तेथील सफरचंदाच्या पायची कीर्ती मोठी आहे, आणि ती अस्थानी नाही. तोवर खडीच्या रस्त्याने आमची हाडे खिळखिळी केली होती. मोटारींच्या सततच्या ये-जा करण्याने त्या रस्त्यांवर पत्र्यासारख्या आडव्या पन्हळी उठतात. भाड्याने मोटार देणारे बहुधा ताशी ८० किलोमीटरांची मर्यादा घालतात, ती उगीच नव्हे. प्रत्येक पन्हळीचा हादरा टपावरच्या प्रत्येक बोल्टापर्यंत पोहोचतो. कापडाची चिंता सारे करतात. पण रोज सकाळी पाना घेऊन बोल्ट तपासणारा प्रवासी आम्हांला विरळाच दिसला. बंधू ते नेमाने करीत.

सेस्रीमच्या मुक्कामी, लाल वाळूच्या टेकड्यांच्या वेशीवर, रात्री पुतण्याने हाक मारली, “फादरकाका, माझा पलंग खाली वाकतो हो!” आम्ही विजेरी घेऊन पाहिले. शिडी जेथे तळफळीला जोडली होती, तेथेच पाय दिला की फळी दबत होती. गादी उचलली. खालचे कापड ओलसर, आणि प्लायवूडचे पदर कडेला एकमेकांपासून सुटलेले. शिडीच्या बोल्टांच्या भोकांतून अनेक पावसाळे पाणी मुरले असावे. वरून पाहता तो तंबू दोहोंत अधिक नवा वाटत होता, कारण त्याचे कापड नुकतेच बदललेले होते! भाडे आकारणाऱ्या कचेरीस दूरध्वनी केला तेव्हा, जुन्या तंबूत एवढे चालायचेच, असे उत्तर मिळाले. तो बोल्ट निसटता तर अर्धा तळ माणसांसह खाली आला असता, हे त्यांस कोण सांगणार? त्या रात्री पुतण्या आमच्या तंबूत निजला. बंधू व वहिनी डोकी गाडीकडे व पाय बाहेर करून, म्हणजे अंगाचा भार पक्क्या फळीवर ठेवून, निजली. शिडीखाली आम्ही एक रुंद चपटा दगड सरकवला.

पहाटे पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरला होता. आमच्या तंबूची तळफळी ॲल्युमिनियमच्या दोन पत्र्यांमध्ये फेस भरून केलेली होती, म्हणून ती कुजण्याचे भय नव्हते. पण तिचेही एक दुखणे आहे. धातू थंड पडला की गादीखाली दंव साचते. दोन माणसांच्या श्वासातून व घामातून रात्रभरात अर्धा-एक लिटर पाणी बाहेर पडते, आणि तंबू गच्च बंद असेल तर ते जाणार कोठे? गादीखाली हवा खेळेल अशी जाळीदार चटई घालणे, एक खिडकी किलकिली ठेवणे, आणि घडी घालण्यापूर्वी गादी उन्हात उभी करणे, एवढे केले तर बुरशी धरत नाही. घाईने निघणारे प्रवासी हे तिसरे काम हमखास चुकवतात. बैलगाडीच्या साटीतील कडबा ओला राहिला तर काय होते, हे आपल्या शेतकरी कुटुंबांस सांगावयास नको.

वाळवंटात ओलावा कसला, असे कोणी म्हणेल. त्याने स्वाकोपमुंडला एक रात्र काढावी. किनाऱ्यालगत बेंग्वेला नावाचा थंड सागरी प्रवाह वाहतो, आणि त्याच्यामुळे दाट धुके उठून वाळवंटात आत शिरते. सकाळी कापड जणू धुऊन टाकल्यासारखे चिंब होते. आमच्या तंबूचे कापड सुती व पॉलिएस्टर धाग्यांचे मिश्र विणीचे होते. पाणी लागले की त्यातील सुती धागे फुगून शिवणीची भोके बुजतात, म्हणून नवा तंबू वापरण्यापूर्वी मुद्दाम भिजवून वाळवावा लागतो. निव्वळ पॉलिएस्टर हलके व लवकर वाळणारे खरे, पण कडक उन्हात स्वस्त कापड काही वर्षांत विरते. सर्वांत आधी जाते ते प्रवासातले वरचे आच्छादन, कारण दिवसभराचे ऊन तेच झेलते.

स्वाकोपमुंड हे गाव जर्मन अमदानीत वसलेले. १९१५ साली ती सत्ता गेली, तरी जर्मन बोलणारी कुटुंबे तेथे अद्याप आहेत. त्यांपैकीच एका वृद्ध सुताराने आमची तळफळी बोटाच्या पेराने ठोकत तपासली. चांगल्या लाकडाचा आवाज टणक येत होता, कुजलेल्या भागाचा बद्द. त्याने कुजका कोपरा कापला, खालून नवी फळी जोडली, लांब बोल्ट व मोठे वॉशर घातले, आणि भोकांच्या कडा राळेने बंद केल्या. दुपारपर्यंत काम झाले. त्याचे पैसे कचेरीने पुढे परत दिले. मात्र त्यासाठी बंधूंना दोन पत्रे लिहावी लागली.

एतोशाच्या राष्ट्रीय उद्यानात मग निश्चिंतपणे निजलो. तेथील मीठमातीचे पांढरे पठार सुमारे ४,८०० चौरस किलोमीटरांचे आहे. ओकाउकुएयोच्या मुक्कामाला कुंपण आहे, आणि कुंपणापलीकडच्या पाणवठ्यावर रात्री दिव्यांच्या उजेडात हत्ती व गेंडे येतात. सिंहाच्या भयाने लोक टपावर निजतात, असे आपण ऐकतो; अशा कुंपणाच्या आत तरी ते भय फारसे नाही. आत येतात ते कोल्हे, आणि त्यांना जोड्यांची फार आवड! शिडीखाली जोडे ठेवू नयेत. वयस्कर मंडळींना मात्र आम्ही हा तंबू सुचवणार नाही. अंधारात, झोपेच्या डोळ्यांनी, दवाने निसरड्या झालेल्या शिडीवरून उतरणे त्यांचे काम नव्हे.

असा तंबू विकत घेण्याचा विचार ज्यांच्या घरी चालू असेल, त्यांनी आधी आपल्या मोटारीचे पुस्तक पाहावे. तंबूचे वजन पन्नास ते ऐंशी किलो असते, आणि पुष्कळ मोटारींचे टप धावताना तेवढे वजन सोसण्यासाठी केलेले नसतात. उभ्या मोटारीचा टप त्याहून कितीतरी पट भार घेतो, ही गोष्ट वेगळी. मग दुकानात गादी उचलावी, बिजागरीजवळ व शिडीच्या बोल्टांपाशी टाच दाबावी, आणि तळफळी ठोकून पाहावी. दुकानदाराने गादी उचलू दिली नाही तर घरी परतावे.

विंडहुकला गाडी परत केली तेव्हा कचेरीच्या अंगणात दहा-बारा तंबू उघडून वाळत घातलेले होते. बंधूंनी आमच्या तंबूची गादी उचलून नोकराला ती नवी फळी दाखवली. त्याने खिशातून खडू काढला, शेजारच्या दोन तंबूंच्या गाद्या स्वतःहून वर केल्या, आणि त्यांपैकी एकाच्या शिडीवर फुली मारली.